दुसरी वाटी

“तुम्ही सगळे एकदम गप्प काऊन झालात?”

नागपूरच्या डॉक्टर काझी मॅडमनी हे आईला विचारलं नाही, बाबांना विचारलं नाही. मला विचारलं. मी नुकतीच पाचवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, आणि कुणी काही विचारलंय नि माझ्याकडे उत्तर नाही असं तोवर तरी कधी घडलं नव्हतं. बाबा मला रेडिओ म्हणायचे. चंद्रपूर ते नागपूर एसटीत हा रेडिओ अखंड सुरू होता. पण त्या क्षणी तोसुद्धा बंद झाला होता, कारण आमच्या घरचा नियमच तसा होता.

झालं होतं असं. माझा भाऊ निनाद मॅडमच्या टेबलाजवळच्या छोट्या खुर्चीत बसला होता. त्यांनी त्याच्यासमोर रंगीत ठोकळे ठेवले होते. त्याने पिवळा उचलला आणि उचललेला हात तसाच हवेत राहिला. मान जराशी डावीकडे वळली. वजनकाटा ठेवला होता त्या कोपऱ्यात, काट्याच्याही वर कुठेतरी त्याची नजर लागली. काही चघळत असल्यासारखे ओठ हलले. मग तो हसला, आणि मोकळ्या हाताची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करू लागली.

बाबांनी वाक्य अर्ध्यात सोडलं. मी पाय हलवणं थांबवलं. आणि आईने, कसलीही घाई न करता, पिशवीतून डबा काढला, डब्यातून एक चांदीची वाटी काढली, तिच्यात चमचाभर भात घातला आणि ती टेबलावर सरकवली. निनादपुढे नाही. त्याच्या शेजारी, जिथे कुणीच बसलं नव्हतं तिथे. वाटी थेट मॅडमच्या कागदांवर गेली.

निनादची बोटं थांबली. ठोकळा खाली पडला. त्याने डोळे चोळले आणि आईच्या मांडीवर डोकं टाकलं.

“गेला,” आई हळूच म्हणाली.

म्हणून मॅडमनी मला तो प्रश्न विचारला, आणि मी सरळ सांगून टाकलं.

“निषाद आला होता ना.”

निषाद म्हणजे निनादचा जुळा भाऊ. दोघं सातव्या महिन्यातच झाले आणि झाल्या झाल्या काचेच्या पेट्यांत गेले. नावं बाबांनी आधीच ठरवून ठेवली होती. मामाने तर त्याहून घाई केली. भाच्यांच्या उष्टावणासाठी त्याने सराफाकडून दोन चांदीच्या वाट्या करून आणल्या, दोन्हींवर नुसतं ‘नि’ कोरून. त्यातली कुठली कुणाची हे फक्त आईला कळायचं. निनाद पेटीतून घरी आला. निषाद आला नाही. दुसरी वाटी कपाटात साड्यांच्या खाली गेली आणि आईने ते नाव घेणं सोडून दिलं.

निनाद उशिरा बसला, उशिरा उभा राहिला. चालायला लागला तेव्हा त्याच्या वयाची कॉलनीतली पोरं सायकली चालवत होती. बोलणं म्हणजे मला ‘ता’, पाण्याला ‘मम’, एवढंच. एका दुपारी आमची विमलआत्या जेवायला आली होती. जेवता जेवता निनाद थबकला आणि भिंतीच्या कोपऱ्याकडे पाहून हसला. आत्याचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, “वैनी, हा कोणाले तरी पाहून हसून राहिला. जुळ्याचं असंच असते. एकटं राहू देत नाहीत एकमेकाले.”

आईने ताट बाजूला सारलं. ती उठली, आत गेली, साड्यांखालून ती वाटी काढून आणली, धुतली आणि तिच्यात भात वाढला.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. निनाद थांबला की आई म्हणणार, “आला.” मग टीव्हीचा आवाज बंद, चमचे खाली, बाबांचं बोलणं बंद, माझंही. दुसरी वाटी पुढे सरकायची. निनाद डोळे चोळायला लागला की आई म्हणणार, “गेला,” आणि वाटीतला भात मी कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवायची. तिथे एक कावळा ठरलेलाच. बाबा वीज केंद्रात होते. आमच्या कॉलनीत रोज थोडी थोडी राख पडायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, त्या भिंतीवरही. मी भात ठेवायच्या आधी बोटाने राख पुसायची आणि कुणाची लहान पावलं उमटलीत का बघायची.

मला निषाद आवडायचा. वर्गात मी सांगितलं होतं की मला दोन भाऊ आहेत, त्यातला एक फक्त जेवायला येतो. मुली माझ्याजवळ बसायचं टाळायला लागल्या, तर मी म्हटलं, जळतात. आणि निषाद आला की आई जशी दिसायची तशी एरवी कधी दिसायची नाही. तिच्या कपाळावरची ती एक आठी तेवढ्यापुरती जायची.

हे सगळं मी काझी मॅडमना एका दमात सांगितलं. कावळ्यासकट.

त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी विचारलं होतं की याला फिट येते का, आणि आम्ही तिघांनीही नाही म्हणून सांगितलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फिट म्हणजे काय ते आम्हाला पक्कं माहीत होतं. कॅन्टीनमधले राऊतकाका एकदा लाथा झाडत खाली पडले होते, तोंडाला फेस आला होता, आणि कुणीतरी त्यांना चप्पल हुंगवली होती. ती फिट. आणि निषाद तर घरचा पोरगा होता.

मॅडमनी कागदांवरची वाटी उचलली, तिच्या बुडाला लागलेलं शीत पुसलं आणि दोन्ही हातांनी ती आईपुढे ठेवली.

“किती वेळा येतो, ताई?”

आईला बरं वाटलं. इतक्या डॉक्टरांकडे गेलो होतो आम्ही, पण हे कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली की आधी कधीमधीच यायचा, सणासुदीला आल्यासारखा. “आता रोज येतो. कधी कधी दोनदा, तीनदाही येतो.”

मॅडमचं पेन थांबलं.

मग त्या बराच वेळ बोलत होत्या. सगळं मला कळलं नाही. मेंदूत वीज असते, ती एका जागी अचानक भलतीच वाढते, मग माणूस तेवढा वेळ इथे नसतो, असं काहीतरी. बाबांना मात्र कळलं. ते स्वतःशीच म्हणाले, “ट्रिप होते. सेट ट्रिप होतो तसं.” आणि एकदम पांढरे पडले, कारण वीज केंद्रातला सेट, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, असा पुन्हा पुन्हा ट्रिप होऊन बंद पडला की त्याचं काय होतं ते कॉलनीत सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं.

“फिटमधे कोणी हसते का?” आईने विचारलं.

“हसते, ताई. अशीही येते.”

आईने वाटी डब्यात ठेवली, डबा पिशवीत ठेवला आणि ती उठून उभी राहिली.

बाबांनी तिचं ऐकलं नाही. त्या दुपारी निनादच्या डोक्याला चिकट मलम लावून ढीगभर वायरी जोडल्या. मी त्याला म्हटलं, आता तुझ्यावर मॅच दिसणार. कुणीच हसलं नाही. यंत्रातून कागद येत होता. त्याच्यावरच्या रेघा आधी शांत चालल्या होत्या आणि मग अचानक उभ्या राहिल्या, आणि त्याच वेळी निनादची मान डावीकडे वळली. आई त्या रेघांकडे पाहत नव्हती. तो पाहत होता तिकडे पाहत होती. वाटी पुढे करायला तिथे जागा नव्हती, म्हणून तिने नुसती ओंजळ पुढे केली.

निघताना मॅडमनी औषधाची बाटली लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ द्यायची. त्या म्हणाल्या की मी याला महिन्यातून एकदा पाहणार, तुम्ही दिवसभर पाहता. औषध मी सांगेन, पण ते किती पुरतंय आणि किती जास्त होतंय हे तुम्ही मला सांगायचं. एकटीने मला नाही जमणार. आईने हे ऐकलं की नाही कोण जाणे. तिने एवढंच विचारलं,

“ते दिलं की तो यायचा बंद होईल?”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

“मला जे दिसून राहिलं, ते बंद होईल. तुम्हाला जो दिसतो त्याचं मला सांगता येत नाही.”

घरी आल्यावर बाटली डब्यांच्या मागे गेली, सील न तोडता. बाबा ड्युटीवर जाताना विचारायचे आणि ड्युटीवरून आल्यावर विचारायचे. आधी समजावून झालं, मग चिडून झालं. मग त्यांनी एकदा स्वतःच बाटली काढली. आई दारात उभी होती. ती ओरडली नाही. म्हणाली, “त्याला मी एकदा काचेत ठेवून आली. आता तो पायाने येऊन राहिला, तर दार लावून घेऊ?” बाबा बाटली हातात घेऊन तसेच उभे राहिले. झाकण त्यांच्याने फिरवलं गेलं नाही. ते घरातले सगळ्यात ताकदवान माणूस होते, टर्बाइनचे नट हाताने सोडवणारे.

आणि निषाद येतच होता. जेवताना, खेळताना, आंघोळीच्या टबात. आई सारखी वाटी जवळ घेऊन फिरायची.

मग एक दिवस मॅडमचा फोन आला. बाबांना नाही, आईला. औषध दिलं का, हे त्यांनी विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, “तो येतो तेव्हा मला पाहायचा आहे. मोबाइलवर घेऊन पाठवता का? येण्याच्या आधीचं थोडं, आणि गेल्यानंतरचंही थोडं घ्या.”

निषादला पाहायचंय असं जगात दुसरं कुणीच म्हटलं नव्हतं. आई लगेच तयार झाली, आणि कॅमेऱ्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी ते फार मन लावून केलं. मोबाइल हातात धरून मी निनादच्या मागे मागे असायची. त्याला बोलतं करायची, टाळ्या वाजवायला लावायची, म्हणजे येण्याच्या आधीचं नीट यावं. मग तो थांबला की मी श्वाससुद्धा हळू घ्यायची. कोपराही घ्यायची. कोपऱ्यात कधी काही यायचं नाही. नुसती भिंत, आणि कॅलेंडरची एक कड.

एका दुपारी आई आणि मी पलंगावर बसून ते पाहत होतो. आईला आवडायचं पाहायला. ती तो हसतो तिथे थांबवायची. मी मात्र आधीचं आणि नंतरचं पाहत होते, कारण ते मी घेतलं होतं आणि मला माझं काम पाहायला फार आवडतं.

एकात मी म्हणते, “निनू, टाळी,” आणि तो टाळी वाजवतो. मग थांबतो, हसतो, डोळे चोळतो. मी पुन्हा म्हणते, “निनू, टाळी.” तो स्वतःच्या हातांकडे पाहतो. ते दुसऱ्या कुणाचे असावेत आणि चुकून त्याच्याजवळ राहिले असावेत, तसा. मी ते पुन्हा लावलं. मग त्याच्या आधीचं लावलं. त्याच्या आधीच्यात तो मला ‘ता’ म्हणत होता. निषाद गेल्यावर मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणत होते, “मी कोण? मी कोण रे?” आणि तो माझ्या आरपार पाहत होता. तेव्हा मला वाटलं होतं की त्याला झोप आली आहे. पण त्या दिवसानंतर घेतलेल्या कुठल्याच तुकड्यात ‘ता’ नव्हतं. मी सगळे शोधले. नव्हतंच.

बाहेर दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. मला इतकी थंडी वाजली की मी आईची चादर ओढून घेतली.

“आई,” मी म्हटलं, “निषाद भात नाही खात.”

“असं नाही म्हणू, रिजू.”

“भात तर कावळा खाते. निषाद दुसरंच खाते. त्याने टाळी नेली. ‘ता’ पण त्यानेच नेलं. आई, तो दरवेळी याचं काहीतरी घेऊन जाते.”

आईने माझ्या हातातून मोबाइल घेतला. तिने ते सगळं आधीपासून पाहिलं. या वेळी तो हसतो तिथे तिने थांबवलं नाही. शेवटच्या तुकड्यात निनाद गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि मागे माझा आवाज चालू होता, मी कोण, मी कोण.

पलंगाजवळ खाली निनाद ठोकळे घेऊन बसला होता. पिवळा तोंडात होता. आईने वाकून तो काढला आणि त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबा घरी होते. आईने वरण-भात केला, दोन्ही वाट्या घासून मांडल्या आणि डब्यांच्या मागची बाटली आणून मधे ठेवली. सील मात्र तोडलं नाही. बाबा काही बोलायला गेले तर तिने मान हलवली. ती वाट पाहत होती. निनाद भात सांडत, बोटं चाटत जेवत होता. मग त्याचा हात हवेत थांबला.

“आला,” आई म्हणाली.

आम्ही सगळे गप्प झालो. बाबा भिंतीकडे पाहत होते, मी आईकडे. आई त्या कोपऱ्याशी बोलली. इतक्या साध्या आवाजात, की जणू शेजारी खेळायला गेलेल्या पोराला काही सांगत होती.

“तुला मी घरी आणलं नाही. म्हणून तू याला न्यायला येतोस का? याला नको नेऊ, बाळा. हा एकच आहे माझ्याजवळ. आता नको येऊ.”

निनाद हसत होता. बटणाशी बोटं चालली होती.

आईने बाटलीचं सील तोडलं. मॅडमनी सांगितलं होतं तेवढं औषध झाकणाने मापलं आणि दुसऱ्या वाटीत ओतलं. चांदीत ते लालसर दिसत होतं. निनादने डोळे चोळले, जांभई दिली, पुरता जागा झाला. तेव्हा तिने वाटी त्याच्या ओठांना लावली.

“घे,” ती म्हणाली. “दादाच्या वाटीतलं आहे.”

निनादने तोंड वाकडं केलं, पण प्याला. बाबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ स्कूटर पुसत बसले. स्कूटरवर तेव्हा राखसुद्धा नव्हती.

पुढचं काही पटकन झालं नाही. आधी तो नुसताच झोपायचा. आई मॅडमना फोन करायची, मॅडम थोडं कमी करायच्या, मग तो पुन्हा हवेत थांबायचा, आई पुन्हा फोन करायची, थोडं वाढायचं. आईचा आवाज फोनवर वेगळाच यायचा, ठाम. मॅडम विचारायच्या आणि ती सांगायची, कधीकधी ती विचारायची आणि मॅडम म्हणायच्या, थांबा, मला पाहावं लागेल. औषध बदललं, वेळा बदलल्या. वाटी तीच राहिली. तिच्यात भात मात्र पुन्हा कधी पडला नाही. कावळा काही दिवस भिंतीवर येऊन बसायचा आणि आमच्या दाराकडे बघून ओरडायचा. मग तोही यायचा बंद झाला.

‘ता’ परत आलं तेव्हा मी सातवीत होते आणि शाळेला उशीर झाला म्हणून बूट शोधत ओरडत होते. तो दारात बसून माझाच एक बूट चाटत होता. त्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही.

आता मी दहावीत आहे. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मीच करते, दुसऱ्या कुणाला माईक मिळतच नाही. निनाद खास मुलांच्या वर्गात जातो, बरंच बोलतो, भलतंच बोलतो, शर्टाची बटणं लावायला त्याला अर्धा तास लागतो आणि मधे कुणी मदत केली तर सगळी काढून पुन्हा सुरुवात करतो. कित्येक वर्षांत एकही फिट नाही, म्हणून या दिवाळीनंतर मॅडमनी औषध हळूहळू कमी करायला घेतलं. आईला म्हणाल्या, लक्ष ठेवा. हे आईला सांगायचं म्हणजे कमाल आहे.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. मी शाळेच्या नाटकाचं काहीतरी सांगत होते, बाबा हसत होते. निनादने घास उचलला, आणि हात हवेतच राहिला. मान डावीकडे वळली. नजर वर, कोपऱ्यात.

माझं वाक्य तुटलं. बाबांचा चमचा ताटाला टेकला. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. इतक्या वर्षांनी घरात तीच शांतता बसली होती, तशीच्या तशी. मी त्याच्या बोटांकडे पाहत होते. बटणाकडे जाऊ नका, एवढंच म्हणत होते मनात.

“पाल,” निनाद म्हणाला.

आम्ही वर पाहिलं. कॅलेंडरच्या वर खरंच एक पाल होती, शेपूट तुटलेली.

“शेपटी नाही,” निनाद म्हणाला आणि घास तोंडात टाकला.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी निनादच्या पाठीत एक धपका घातला, त्याने मला दोन घातले. मी पुन्हा नाटकाचं सुरू केलं. पाल कॅलेंडरमागे सरकली, मग खिडकीकडे गेली, मग दिसेनाशी झाली.

आई अजून कोपऱ्याकडे पाहत होती. हात ताटाच्या कडेवर, दुसऱ्या वाटीच्या अगदी जवळ. कपाळावर आठी नव्हती.

बाबांनी तिला हाक मारायला तोंड उघडलं. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, आणि आम्ही दोघं गप्प बसलो.